तान्ह्या बाळाला पाण्यात नेताना: पोहणं, सुरक्षितता आणि पहिल्या वर्षातल्या पायऱ्या

तीन महिन्यांच्या बाळाला कोमट पाण्यात पालथं धरलं की ते हातपाय मारू लागतं. पाय बेडकासारखे आत-बाहेर होतात, कंबर डावीकडे-उजवीकडे वळते, तोंडावर पाणी आलं तर श्वास क्षणभर थांबतो. बघणाऱ्याला वाटतं, याला जन्मतःच पोहता येतंय. अमेरिकी संशोधक मर्टल मॅकग्रॉ यांनी १९३९ साली बाळांच्या या हालचालींची बारकाईने नोंद केली. पहिल्या काही महिन्यांत हालचाली तालात होतात. चार महिन्यांच्या पुढे तो ताल मोडतो, बाळ धडपडतं, उताणं वळतं, मोठ्या माणसाला धरू पाहतं. ठरवून केलेल्या हालचाली दिसतात त्या दुसऱ्या वर्षात.

सुरुवातीचं ते ‘पोहणं’ ही प्रतिक्षिप्त क्रिया असते. तळहातावर बोट ठेवलं की बाळ मूठ आवळतं, तसंच हे. या बाळाला एक गोष्ट अजिबात जमत नाही, ती म्हणजे श्वासासाठी डोकं पाण्याबाहेर काढणं. त्याचं डोकं शरीराच्या लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असतं (मोठ्यांचं एक अष्टमांश), आणि एवढं डोकं पाण्यातून उचलायला मानेत बळ नसतं. म्हणून पहिल्या वर्षात बाळाला पोहायला शिकवता येत नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. त्याला पाण्याची ओळख करून देता येते, ती सुरक्षितपणे देता येते, आणि ती द्यावी असं आमचं मत आहे. धोका सुरू होतो तो आईवडिलांना ‘आता याला पाण्यात काही होणार नाही’ असं वाटू लागतं तेव्हा.

कोणत्या वयात काय

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली, आणि त्यातली जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं होती. त्यामुळे ‘मुलांना लवकर पोहायला शिकवा’ हा आग्रह समजण्यासारखा आहे. पण लवकर म्हणजे नेमकं कधी?

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं मत काळानुसार बदलत गेलं. २००० साली त्यांचं म्हणणं होतं की चार वर्षांआधी औपचारिक शिकवणीसाठी मूल तयार नसतं. २०१० साली त्यांनी हे सैल केलं. २०१९ च्या धोरणात एक वर्षापासून पुढे शिकवणीचा उपयोग होऊ शकतो असं आलं. हा बदल होण्यामागे २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी अभ्यास होता. त्यात १ ते ४ वर्षांच्या बुडालेल्या मुलांपैकी ३ टक्क्यांनी पोहण्याची शिकवणी घेतली होती. तुलनेसाठी घेतलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण २६ टक्के होतं. मुलांची संख्या कमी होती, त्यामुळे नेमक्या आकड्यावर फार भर देऊ नये. पण दिशा स्पष्ट आहे.

एक वर्षाखालच्या बाळांसाठी मात्र असा कुठलाही पुरावा नाही. शिकवणीमुळे त्यांचा बुडण्याचा धोका कमी होतो असं कुणीही दाखवून दिलेलं नाही. या वयात पाण्यात न्यायची कारणं वेगळी आहेत: बाळाला आनंद मिळतो, आई किंवा बाबांशी अंगाला अंग लावून खेळायला मिळतं, आणि पुढे शिकताना पाण्याची भीती आड येत नाही. पोहायला नेलेल्या बाळांचा तोल आणि हाताची पकड जरा सरस होती असं २०१० सालच्या एका अभ्यासात दिसलं, पण तो फार थोड्या मुलांवर झाला होता. बुद्धी वाढते, बोलणं लवकर येतं, असली आश्वासनं देऊन कुणी वर्गाची फी मागत असेल तर ती मनावर घेऊ नका.

नेमके धोके कोणते

पहिला धोका थंडीचा. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं, आणि वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचा पसारा मोठा. लहान बाळांना नीट कुडकुडताही येत नाही. मोठ्यांसारखं थरथरून ऊब तयार करणं त्यांना जमत नाही. म्हणून ‘कुडकुडायला लागलं की काढू’ हा हिशेब चालत नाही. दर दोन-तीन मिनिटांनी मानेच्या मागे आणि छातीवर हात ठेवून पाहा. ती जागा गार लागली, ओठांभोवती निळसर छटा आली, त्वचेवर जाळीसारखे डाग उमटले किंवा हसतं-खेळतं बाळ एकदम गप्प झालं तर त्याच क्षणी बाहेर.

दुसरा धोका कमी लोकांना माहीत असतो: पाणी पोटात जाण्याचा. बाळ पाण्यात तोंड उघडं ठेवतं आणि आलेलं पाणी गिळतं. बाळाची मूत्रपिंडं जादा पाणी झटपट बाहेर टाकू शकत नाहीत. पुष्कळ पाणी पोटात गेलं की रक्तातलं सोडियम उतरतं, मेंदूला सूज येते आणि झटके येऊ शकतात. पोहण्याच्या शिकवणीनंतर बाळाला असे झटके आल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात १९८३ सालीच झाली आहे. असं घडायचा मुख्य रस्ता म्हणजे एकाच वेळी पुन्हा पुन्हा डोकं बुडवणं. पाण्यातून आल्यावर पोट टम्म दिसतंय, बाळ उलट्या करतंय, अति सुस्त किंवा चिडचिडं झालंय, अंग गार पडलंय, यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना गाठा आणि ‘तलावाचं पाणी बरंच गिळलंय’ हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा. ते ऐकलं नाही तर डॉक्टरांचं लक्ष सोडियमकडे उशिरा जाऊ शकतं.

तिसरा धोका क्लोरीन आणि जंतूंचा. तलावावर गेल्याबरोबर नाकात शिरतो तो तीव्र वास शुद्ध क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, त्यांचा तो वास. बंदिस्त तलावात ते पाण्यालगतच्या हवेत साठतात, म्हणजे बरोबर बाळाच्या नाकापाशी. बेल्जियममधल्या एका अभ्यासात २००७ साली तान्हेपणी तलावात जाणं आणि पुढे श्वासनलिकांचा त्रास यांचा संबंध दिसला. नंतरच्या काही अभ्यासांत तो दिसला नाही. आम्ही साधा नियम पाळायला सांगतो: दारातून आत जाताच तुमचे स्वतःचे डोळे चुरचुरत असतील तर त्या दिवशी बाळाला पाण्यात नेऊ नका. घरात दमा किंवा अ‍ॅलर्जी असेल तर उघड्यावरचा किंवा हवा नीट खेळती असलेलाच तलाव निवडा.

सुरू कधी करायचं

नाळ पडून बेंबी पूर्ण सुकल्याशिवाय तलावाचा विषयच नको. त्यानंतर कधीही नेता येतं, आणि लसी पूर्ण होईपर्यंत थांबायलाच हवं असंही नाही. तरी बाळाने मान धरेपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांपर्यंत, घरच्या टबवर भागवावं हे बरं. मान डुगडुगणाऱ्या बाळाला ओल्या, निसरड्या हातांनी सांभाळणं अनुभवी माणसालाही जड जातं. चार ते सहा महिने हा काळ आम्हाला सर्वांत सोयीचा वाटतो: मान धरलेली असते आणि अनोळखी जागेची भीती अजून पुरती जागी झालेली नसते.

बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असेल, झटके येत असतील, एक्झिमा (त्वचेवर खाज आणि पुरळ) जास्त असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. आईने पाण्यात उतरायचं असेल तर बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबलेला आणि टाके भरलेले हवेत. सहा आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टरांना विचारून घेणं सोपं.

ताप, कान दुखणं, उघडी जखम किंवा जुलाब असताना जायचं नाही. जुलाबांचा नियम कडक पाळा. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू नीट क्लोरीन घातलेल्या पाण्यातही सात दिवसांहून अधिक तग धरतो. त्याचा संसर्ग झालेल्या बाळाला जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे पाण्यात नेऊ नये, कारण तुमच्या बाळापायी इतर दहा बाळं आजारी पडतील.

पाणी तपासून घ्या

सहा महिन्यांखालच्या बाळासाठी पाणी किमान ३२ अंश सेल्सिअस हवं; ३२ ते ३४ उत्तम. सहा महिन्यांपुढे थोड्या वेळासाठी ३० चालून जातं. मोठ्या माणसांच्या तलावातलं पाणी बहुधा २६ ते २८ अंशांचं असतं आणि बाळाला ते गारच पडतं. हात घालून अंदाज करू नका; तरंगणारा साधा थर्मामीटर पिशवीत ठेवा. उलट टोकाचं म्हणजे गरम पाण्याचे जकूझी: तिथे बाळाचं अंग झपाट्याने तापतं, त्यामुळे ते पूर्ण वर्ज्य.

मोकळं क्लोरीन (जंतू मारायला पाण्यात शिल्लक असलेलं) किमान १ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे याचं माप) ७.० ते ७.८ असावं. तलावावरच्या माणसाला आजचे आकडे विचारा. नीट चालवलेल्या ठिकाणी ते वहीत लिहिलेले असतात आणि विचारल्यावर कुणी कपाळाला आठ्या घालत नाही. तुम्ही स्वतः एक गोष्ट पाहू शकता: सर्वांत खोल भागातली तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसली पाहिजे. ती धूसर दिसली तर पाणी गढूळ आहे. अशा पाण्यात गाळणीचं काम नीट होत नसतं, शिवाय बुडणारं मूलही दिसत नाही. नदी, तळं आणि समुद्र पहिल्या वर्षात नकोत.

सोबत काय घ्यायचं, काय नाही

नेहमीचा डायपर पाण्यात घालू नका. तो पाणी शोषून फुगतो आणि बाळाच्या कमरेला भिजलेल्या उशीसारखा लटकतो. स्विम डायपर वेगळा असतो: तो शोषत नाही, फक्त शी काही काळ अडवतो. लघवी अडवत नाही, आणि पातळ शी तर मुळीच नाही. मांड्यांना आणि कमरेला घट्ट बसला पाहिजे; वरून निओप्रीनची (ताणणाऱ्या रबरी कापडाची) चड्डी घातली तर अधिक चांगलं. बदलायचा तो काठापासून लांब, आणि नंतर हात साबणाने धुवायचे.

बाळाचा पोशाख भगवा, झगझगीत गुलाबी किंवा पोपटी घ्या. निळा, पांढरा आणि राखाडी रंग पाण्याखाली दिसेनासा होतो. आज बाळ तुमच्या हातात असेल, पण रंगाची सवय पुढे चालायला लागल्यावर उपयोगी पडते. तुम्ही स्वतः अंगासरशी बाह्यांचा टीशर्ट घाला. बाळाला मुठीत धरायला काहीतरी मिळतं आणि तुमचा हातही कमी निसटतो. अंगठ्या, बांगड्या, साखळ्या काढून ठेवा, नखं कापा. टोपीचा टॉवेल एक आणि साधा एक, दोन्ही काठावर हाताशी.

गळ्यात घालायची फुगीर कडी अजिबात नको. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ साली तिच्याविरुद्ध इशारा दिला आहे. कडीतली हवा कमी झाली की बाळाचं तोंड पाण्यात जातं, आणि मानेवर ताण येतो तो वेगळाच. दंडावरचे फुगे आणि बसायची ट्यूब यांनाही सुरक्षिततेची साधनं समजू नका. त्यात बाळ उभं लटकतं, म्हणजे ज्या स्थितीत माणूस बुडतो त्याच स्थितीची सवय होते.

आधी दोन आठवडे घरच्या टबमध्ये

अंघोळीचं पाणी ३७-३८ अंश ठेवा. एक हात बाळाच्या मानेखालून पलीकडच्या काखेत, दुसरा ढुंगणाखाली. उताणं धरा आणि कान पाण्यात जाऊ द्या. बहुतेक बाळं पहिल्यांदा कान बुडल्यावर दचकतात, कारण आवाज एकदम बदलतो. त्या वेळी तुमचा चेहरा वर दिसत राहिला पाहिजे आणि तुम्ही बोलत राहिलं पाहिजे.

मग पेल्याने पाणी ओतायचा सराव. पहिले तीन-चार दिवस फक्त खांद्यावर, पुढे डोक्याच्या मागच्या बाजूला, मग टाळूवर, शेवटी कपाळावरून थोडंसं चेहऱ्यावर. प्रत्येक वेळी आधी तेच शब्द त्याच सुरात: बाळाचं नाव, मग ‘तयार… आलं!’ आठ-दहा दिवसांत ‘तयार’ ऐकताच बाळ डोळे मिटायला लागतं. या वयात खरं शिकणं म्हणतात ते हेच, पुढे काय येणार हे ओळखणं. रोज तीनदा ओतलं तरी पुष्कळ झालं.

टबापासून हात लांब करायचा नाही. फोन वाजला, दार वाजलं, तर बाळाला उचलून सोबत न्यायचं. पाच सेंटिमीटर पाण्यात बाळ बुडू शकतं, आणि बुडताना आवाज होत नाही. टबमध्ये ठेवायच्या बैठका उलटतात. त्यांच्या भरवशावर राहू नका. काम झालं की टब आणि बादली लगेच रिकामी करायची.

पहिला दिवस: दहा मिनिटं

दूध पाजून अर्धा-पाऊण तास झालेला असावा. भुकेलं बाळ किंवा झोपेला आलेलं बाळ नेऊ नका. तलावावर गर्दी नसेल ती वेळ निवडा. शक्य असेल तर दोन मोठी माणसं हवीत.

आधी काठावर बसा, बाळ मांडीवर. तुमचे पाय पाण्यात. ओंजळीने त्याच्या पायांवर पाणी घाला, मग पोटावर, मग खांद्यावर. घाई नको, या दोन मिनिटांत बाळ आजूबाजूचे आवाज ऐकून घेतं. दुसरं माणूस असेल तर एकाने पाण्यात उतरायचं आणि दुसऱ्याने बाळ हातात द्यायचं. एकटे असाल तर पायऱ्यांवरून, एका हाताने कठडा धरून उतरा. लोखंडी शिडीवरून बाळासह उतरू नका.

कमरेइतक्या पाण्यात उभे राहा आणि गुडघे वाकवून खाली व्हा, म्हणजे तुमचे आणि बाळाचे खांदे पाण्याच्या पातळीला येतील. सर्वांत जास्त चूक इथे होते. आईबाबा ताठ उभे राहतात, बाळ छातीपर्यंत बाहेर राहतं, ओल्या अंगाला हवा लागते आणि पाच मिनिटांत ते गारठून रडू लागतं. मग ‘याला पाणी आवडत नाही’ असा निष्कर्ष निघतो.

पहिली पकड समोरासमोर. दोन्ही हात काखेत, अंगठे पुढे, बोटं पाठीवर पसरलेली. हनुवटी पाण्याच्या वर. कोपर सैल ठेवा. तुमचे हात ताठरले की बाळही ताठरतं. आता हळूहळू मागे चालत जा. पाण्याचा प्रवाह बाळाच्या पायांवरून मागे जातो आणि पाय आपोआप वर येऊन तरंगू लागतात. त्याला माहीत असलेलं बडबडगीत म्हणा, पण पट्टी खालची ठेवा. बंदिस्त तलावात आवाज घुमतो.

दोन-तीन फेऱ्या झाल्या की बाळाला छातीशी घेऊन थांबा. परत दोन फेऱ्या. दहाव्या मिनिटाला, बाळ खुशीत असतानाच, बाहेर. रडेपर्यंत ठेवलं तर पुढच्या वेळी त्याला तेच आठवेल.

पुढचे आठवडे

आठवड्यातून एक-दोनदा पुरे. वेळ दहावरून वीस मिनिटांवर न्या. एक वर्षापर्यंत तीस मिनिटांच्या वर जाऊ नका. दर वेळी समोरासमोरच्या पकडीनेच सुरुवात आणि शेवटही तिनेच, आणि मधे एकच नवी गोष्ट.

उताणं तरंगणं सर्वांत मोलाचं आणि बाळाला सर्वांत नावडतं. म्हणून ते तुमच्या अंगावर सुरू करा. खाली वाका, बाळाचं डोकं तुमच्या खांद्यावर, गालाला गाल, एक तळवा त्याच्या पाठीखाली. कानात बोलत मागे चाला. चार-पाच वेळा जमलं की डोकं खांद्यावरून तळहातावर आणा. एक तळवा डोक्याखाली, दुसरा पाठीच्या खालच्या भागाला. बाळ पोटातून वाकून उठू पाहत असेल तर ओढून सरळ करू नका, त्याला उठू द्या आणि पुढच्या वेळी पाच सेकंद कमी करा. उठायची धडपड साधारण सहा महिन्यांनंतर वाढते, कारण त्याला बसायचं असतं. हे नेहमीचं आहे.

पालथं धरताना तुमचा पुढचा हात त्याच्या छातीखाली आडवा, तळव्याने पलीकडची काख धरलेली. मोकळ्या हाताने समोर तरंगतं खेळणं ठेवा. पायांचा सराव द्यायचा तर पकड मांडीला ठेवा, घोट्याला नको. घोटे धरून हलवले की गुडघ्यातूनच सायकल मारल्यासारखी हालचाल होते. मांडीपासून हलवलं की खुब्यातून लाथ कशी मारायची ते कळतं.

सात-आठ महिन्यांपासून काठ धरायला शिकवा. काठापाशी नेऊन त्याचे दोन्ही तळवे काठावर ठेवा, वरून तुमचे हात, आणि म्हणा ‘धर’. दोन सेकंद, मग पाच. दुसरा हात कायम कमरेमागे. या एका गोष्टीवर पुढचं सगळं उभं राहणार आहे, म्हणून ती दर वेळी करा, बाळ कंटाळलेलं नसेल तेव्हा.

डोकं बुडवायचं का?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि यावर आमचं मत ठाम आहे: पहिल्या वर्षात मुद्दाम बुडवू नका.

पाणी घशाशी पोचलं की तान्ह्या बाळाचं स्वरयंत्र मिटतं, श्वास थांबतो, हृदयाचे ठोके मंदावतात. तोंडावर फुंकर मारली की डोळे मिटून श्वास रोखला जातो, आणि अनेक प्रशिक्षक याच युक्तीने बाळाला पाण्याखाली नेऊन फोटो काढू देतात. पण ही प्रतिक्रिया पहिल्या सहा महिन्यांनंतर विरत जाते, आणि कोणत्या बाळात कधी विरली हे बाहेरून कळत नाही. शिवाय श्वास थांबला तरी पाणी गिळणं थांबत नाही. रडतं बाळ बुडवलं तर तोंड उघडंच असतं. एवढं करून त्याला पोहण्यातलं काही येत नाही.

चुकून तोंड पाण्यात गेलंच तर शांतपणे वर घ्या, उभं धरा, किंचित पुढे झुकवा, ठसका येऊ द्या. खोकणारं बाळ स्वतःचं काम स्वतः करत असतं. किंचाळू नका, ते तुमच्या चेहऱ्यावरूनच ठरवतं की झालं ते भयंकर होतं की नाही.

सहा महिन्यांपासून बाळाला पाण्यात पडल्यावर उताणं वळून तरंगायला शिकवणाऱ्या पद्धतीही आहेत. त्यांच्या चित्रफिती पाहून कुणीही थक्क होईल. पण उबदार, स्थिर पाण्यात, शेजारी प्रशिक्षक असताना दिसलेलं कौशल्य बाळ एकटं, घाबरलेलं, थंड पाण्यात असताना टिकतं याचा पुरावा नाही. या शिकवणीत बाळं बराच वेळ रडतात आणि पाणी गिळतात. आम्ही ती सुचवत नाही.

वर्ग निवडताना

आधी बाळाशिवाय जाऊन एक तास काठावर बसून पाहा. प्रत्येक बाळामागे पाण्यात एक मोठं माणूस हवं. प्रशिक्षकाला तान्ह्या बाळाचा सीपीआर (तोंडाने श्वास आणि छातीवर दाब देऊन जीव वाचवणं) येतो का आणि प्रमाणपत्राचं नूतनीकरण कधी झालं, ते विचारा. प्रशिक्षकाखेरीज काठावर वेगळा जीवरक्षक हवा, कारण शिकवणाऱ्याचं लक्ष शिकवण्यात असतं. रडणारं बाळ आईच्या हातातून घेऊन बुडवलं जात असेल किंवा ‘तुम्ही बाहेर थांबा, तुमच्यामुळे ते रडतं’ असं सांगितलं जात असेल तर तिथून परत या.

बाहेर आल्यावर

टॉवेलात आधी डोकं गुंडाळा. बाळाची बरीच ऊब तिथून जाते. कोमट पाण्याने क्लोरीन धुवून काढा, काखा, मांड्यांच्या घड्या आणि कानामागे कोरडं टिपा, साधं मॉइश्चरायझर लावा. कानात काडी घालू नका. डोकं एका कुशीला वळवून बाहेर येईल तेवढं पाणी टिपलं की झालं. मग दूध. पोहून आलेलं बाळ भुकेलं असतं आणि गाढ झोपतं. ही झोप आणि आधी सांगितलेली सुस्ती यातला फरक ओळखा: दमलेलं बाळ हलवलं की जागं होतं, कुरकुरतं आणि दूध ओढतं; सुस्त बाळ हे करत नाही.

वेळ आलीच तर

सीपीआर वाचून येत नाही, प्रत्यक्ष शिबिरात बाहुलीवर हात बसवून घ्या. क्रम मात्र पाठ असू द्या. बाळ श्वास घेत नसेल तर मदतीसाठी ओरडा, फोन स्पीकरवर लावा आणि आधी श्वास द्या: तुमचं तोंड त्याच्या नाक-तोंडावर मिळून घट्ट बसवून, छाती उचलेल इतकीच हवा, २ ते ५ वेळा. बुडण्यात प्राणवायू संपलेला असतो, म्हणून श्वासापासून सुरुवात. नंतर दोन्ही हातांनी छाती वेढून दोन अंगठ्यांनी स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, सुमारे ४ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने ३० दाब. मग २ श्वास. मदत येईपर्यंत तसंच पुढे. बाळाला उलटं टांगू नका, पोट दाबून पाणी काढू नका. त्यात वेळ जातो आणि पोटातलं वर येऊन फुप्फुसात शिरतं.

शुद्धीवर आलं तरी रुग्णालयात न्यायचंच. नुसता मोठा ठसका लागून लगेच सावरलेल्या बाळावर पुढचे आठ तास नजर ठेवा: वाढता खोकला, भरभर श्वास, फासळ्यांमध्ये खड्डे पडणं किंवा विचित्र झोपाळूपणा दिसला तर डॉक्टर.

वर्ष पूर्ण झाल्यावर

आता खरी शिकवणी सुरू करता येते, आणि याच वयात धोकाही सर्वांत वाढतो, कारण मूल चालू लागतं. घराजवळ तलाव असेल तर चारही बाजूंनी किमान १.२ मीटर उंच कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक हवं. पाण्यात असताना मूल कायम हाताच्या अंतरावर, आणि ‘सगळे बघताहेत’ असं न ठेवता एका माणसाचं नाव ठरवून. पंधरा-वीस मिनिटांनी पाळी बदला, पाळीत फोन बाजूला.

अपेक्षा मात्र मापात ठेवा. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात झालेल्या अभ्यासात दोन, तीन आणि चार वर्षांचं असताना शिकायला लागलेली मुलं हात मारत पुढे जाण्याची पद्धत साधारण साडेपाच वर्षांच्या सुमारासच शिकली. तोवर शिकवायचं ते जीव वाचवणारं. मूल काठावर बसलेलं, तुम्ही पाण्यात समोर. ‘ये’ म्हटल्याशिवाय उतरायचं नाही. उतरलं की त्याला हातातच फिरवून तोंड भिंतीकडे करा, ‘धर’ म्हणा, आणि काठ धरून बाजूबाजूने सरकत पायऱ्यांपर्यंत न्या. कोपर काठावर, पोट काठावर, गुडघा काठावर, बाहेर. दर फेरीला तुमचा हात थोडा हलका होत जाईल, पण तो कमरेमागेच राहू द्या.